बाहीतला हात

पक्षाघातानंतर डॉ. कुमुद इंगोले यांनी ज्या डोळ्यावर पहिली शस्त्रक्रिया केली, तो बकऱ्याचा होता. सकाळीच परतवाड्याच्या मटण मार्केटातून आणलेला आणि थर्माकोलच्या मुखवट्यात घट्ट बसवलेला. डोळ्यांचे नवशिके डॉक्टर अशाच डोळ्यांवर हात बसवतात, कुमुदताईही तरुणपणी तशाच शिकल्या होत्या. आज मात्र त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एका राखाडी बाहीत होता, आणि ती बाही त्यांच्या धाकट्या बहिणीनं, विभावरीनं बनवली होती.

गाविलगड तंत्रविद्यापीठाच्या यंत्रमानव केंद्रातली ती लहानशी खोली माणसांनी भरून गेली होती. सूक्ष्मदर्शकातून ताईंना दिसणारा डोळा समोरच्या पडद्यावर ताटाएवढा दिसत होता. ताईंनी कडेला बारीक छेद घेतला, चिमटा आत नेला आणि भिंगावरचा पापुद्रा गोल सोलायला सुरुवात केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हा भाग फार नाजूक. कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रा. केसभर इकडेतिकडे झालं की सरळ फाटत जातो.

नेमका त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचा स्टीलचा ट्रे खणखणत खाली पडला. ताई दचकल्या. मान वळवून त्यांनी तिकडे पाहिलं, "हळू रे बापा," म्हणाल्या आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. तोवर पापुद्र्याचं वर्तुळ पुरं झालं होतं, कंपासनं काढावं तसं.

खोलीत टाळ्या झाल्या. केंद्राचे संचालक प्राध्यापक सोनोने म्हणाले, याला म्हणतात हात बसणं, इकडं आभाळ कोसळलं तरी तिकडं बोट ढळत नाही. संत्रा बर्फीचा डबा फिरला. ताईंनी बाहीतल्या बोटांनी एक वडी उचलून विभावरीच्या तोंडात भरवली आणि भरल्या डोळ्यांनी हसल्या. सव्वा वर्ष ज्या बाईनं उजव्या हातानं पाण्याचा पेला उचलला नव्हता, ती आज हसत होती.

विभावरीही हसली. पण तिची नजर पडद्यावरून हलेना. ताईंची मान वळली होती तेव्हा त्यांना तो डोळा दिसतच नव्हता, आणि न बघता तो पापुद्रा सोलणारा माणूस जगात नाही. त्या वेळी सूक्ष्मदर्शकातून फक्त बाहीचा कॅमेरा बघत होता.

बाहीची कल्पना मुळात साधी होती. पक्षाघातात हात स्वतः निकामी होत नाही. मेंदूकडून हाताकडे येणारी वाट खचते. पण खचलेल्या वाटेवरूनही काही क्षीण संदेश झिरपत राहतात. स्नायूंत विजेची पुसटशी थरथर उठते, बोटांना नीट काम करता येईल इतकं बळ मात्र तिच्यात नसतं. बाहीच्या अस्तरातले संवेदक ही थरथर टिपायचे, माणसाला काय करायचंय ते ताडायचे आणि उरलेलं काम बारीक मोटारींकडून पुरं करून घ्यायचे.

अडचण एवढीच, की हे संदेश म्हणजे खरखरत्या फोनवरचं बोलणं. चारांतला एक शब्द ऐकू येणार, बाकीचे अंदाजानं भरायचे. असा अंदाज बांधणारी प्रणाली केंद्राकडे आधीपासून होती, आणि ती संत्र्यांमुळे आली होती. आसपासच्या बागांमध्ये संत्री तोडणाऱ्या यंत्रहातांवरच या केंद्राचं नाव झालं होतं. वाऱ्यावर फांदी झुलत असताना फळ आत्ता जिथं आहे तिथं हात नेऊन उपयोग नसतो, पुढच्या क्षणी ते जिथं असेल तिथं न्यावा लागतो. त्याच प्रणालीला विभावरीनं आपल्या बहिणीचा हात शिकवला. ताईंच्या अचलपूरच्या दवाखान्यात वर्षानुवर्षांच्या शस्त्रक्रियांची चित्रणं होती, ती सगळी तिला दाखवली. सुरुवातीला अंदाजाचा वाटा मोठा राहील, ताईंचे स्नायू जागे होतील तसा तो घटत जाईल, असं ठरलं होतं.

घडलं उलटंच. त्या दुपारी विभावरी आणि तिचा सहकारी जुबेर यांनी गेल्या काही महिन्यांच्या सरावातली स्नायूंची मोजमापं तपासली, तेव्हा ताईंच्या हातातली थरथर वाढण्याऐवजी विझत गेलेली दिसली. बाही इतकं अचूक ताडू लागली होती, की मेंदूला सांगायची गरजच उरली नव्हती. न बोलताच सगळं कळतं अशा घरात माणूस हळूहळू बोलायचा थांबतो, तसं त्या हाताचं झालं होतं. आणि ताईंना याचा पत्ता नव्हता. जुबेर म्हणाला, लागणारही नाही. हालचाल आपणच केली ही भावना मेंदू बऱ्याचदा मागाहून जोडतो. मनातलं आणि हातातलं जुळलं की तो खोलात शिरत नाही.

तेव्हापासून विभावरीचं कशातच लक्ष लागेना. खुर्चीत बसली की उठायची, उठली की कुठं जायचं ते सुचायचं नाही. केंद्रामागच्या बागेत ती फेऱ्या मारत राही. यंत्रहात झाडांत शिरत, फांदी हलण्याआधीच वळत आणि फळ अलगद तोडून घेत. एरवी तिला ते बघताना कौतुक वाटायचं. आता तिला तिथंही थांबवेना.

सोनोने सरांना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, हा दोष पुढच्या आवृत्तीत काढू, पण सोमवारी नीतिसमिती येते आहे आणि माणसाच्या डोळ्यावर पहिली शस्त्रक्रिया करायची परवानगी तिच्या हातात आहे. समितीनं जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं, जे विचारलं नाही ते आपण होऊन उकरायचं नाही. पुढे त्यांनी असंही विचारलं, की रुग्णाला नीट दिसायला लागलं तर हात कोणी हलवला यानं त्याला काय फरक पडतो? तो प्रश्न घेऊनच विभावरी बाहेर पडली.

पहिली रुग्णही ठरली होती. मुक्ताबाई बेठेकर, धारणीच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ताईंचा हात असेल तरच टेबलावर झोपेन, असं सांगून बाई वर्षभर अंधुक डोळ्यांनी थांबल्या होत्या.

विभावरी अचलपूरला ताईंकडे गेली. दवाखान्याला लागूनच ताईंचं घर. ताई सकाळपासून दवाखान्यात होत्या. शस्त्रक्रियेची खोली धुऊन घेतली होती, आणि इतके दिवस त्यांचं काम सांभाळणाऱ्या तरुण डॉ. शार्दूल तायडेला त्या कुठला चिमटा कुठं ठेवायचा ते नव्यानं शिकवत होत्या. पूर्वीचा आवाज, पूर्वीचा तोरा. हा आवाज विभावरी लहानपणापासून ऐकत आली होती. आई गेली तेव्हा ती पाचवीत होती आणि ताई डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. वेणी कशी घालायची इथपासून यंत्रं शिकायची की औषधं इथपर्यंत सगळं ताईंनीच ठरवलं. विभाला काय हवंय ते विभाच्या आधी ताईंना कळे, असं घरात म्हणत. ते बहुतेक वेळा खरंही ठरे.

पहिल्या दिवशी ते बोलणं तिनं टाळलं. जेवून, इकडच्यातिकडच्या गप्पा मारून ती परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि दारातच, चप्पल पायात असताना, सगळं बोलून मोकळी झाली.

ताईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. तिचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "त्या यंत्रात भरलंय काय? माझ्याच शस्त्रक्रिया ना? दुसऱ्या कोणाचा हात तर नाही घातला तू. मग माझाच हात माझ्या हाताला चालवते. तुला काऊन खुपून राहिलं?"

"तुझ्या सगळ्या शस्त्रक्रियांत कधीच घडलं नाही असं काही घडलं तर? तुला थांबायचं असेल आणि हात थांबणार नाही."

"थांबेल. मला माझा हात कळत नाही का?"

विभावरी म्हणाली, मग चल, बघू.

दुपारी दोघी प्रयोगशाळेत गेल्या. सोबत फक्त जुबेर होता. भिंग फोडणारं यंत्र पायाखालच्या पट्टीनं चालतं. दाबलं की सुरू, सोडलं की बंद. ताई आता ती पट्टी डाव्या पायानं चालवत, आणि तो पाय धडधाकट होता, त्याला कुठलीही बाही नव्हती. ठरलं असं, की शस्त्रक्रियेत मधेच कुठंतरी ताईंनी मनाशी थांबायचं ठरवायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि त्याच क्षणी पाय उचलायचा.

ताई बकऱ्याच्या नव्या डोळ्यावर काम करू लागल्या. बऱ्याच वेळानं त्यांचा पाय वर आला, यंत्राची घरघर बंद पडली. हात मात्र पुढं गेला. बंद पडलेली सुई भिंगाचा तुकडा कडेला रेटत राहिली, सराईतपणे, सावकाश.

विभावरीनं विचारलं, थांबायचं ठरवलं होतंस ना? ताई सहज म्हणाल्या, ठरवलं होतं, पण मग वाटलं एवढा तुकडा काढून घ्यावा. विचार बदलला.

पुन्हा केलं. पुन्हा पाय उचलला गेला, हात चालत राहिला, आणि ताईंनी तितक्याच खरेपणानं तेच सांगितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. त्यापुढच्या खेपेला पाय उचलल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकातून डोळे काढले आणि खाली पाहिलं. पाय अधांतरी होता. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. हात आपलं काम करत होता. तो पुरं करून थांबेपर्यंत त्या बघत राहिल्या.

परतीच्या वाटेवर बिनचालकाच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. अचलपूरची वेस दिसायला लागल्यावर ताई बोलल्या.

"समितीला सांगू नको, विभे."

विभावरी खिडकीबाहेर बघू लागली.

"बाही काढली की मी कोण आहे, माहीत आहे तुला? डाव्या हातानं कसाबसा घास उचलणारी बाई. तू सांगितलंस तर माझ्या घराची पायरी चढू नको."

सोमवारी समिती आली. ताईंनी बकऱ्याच्या डोळ्यावर निर्दोष शस्त्रक्रिया करून दाखवली. सदस्य खूश होऊन आपसांत बोलू लागले. मग अध्यक्षबाईंनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, कुणाला आणखी काही सांगायचंय का. सोनोने सर कागद आवरू लागले होते. विभावरी उठून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. अंदाजाबद्दल सांगितलं, विझत गेलेल्या थरथरीबद्दल सांगितलं, आणि पायाबद्दलही.

अध्यक्षबाईंनी ताईंना विचारलं, तुमचं म्हणणं काय? ताई समोर बघत म्हणाल्या, "माझा हात माझ्या मनाप्रमाणे चालतो." त्यांनी विभावरीकडे पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही.

परवानगी नाकारली गेली. मुक्ताबाईंचा मोतीबिंदू शेवटी शार्दूलनं काढला. त्या पहिल्यासारखं वर्तमानपत्र वाचू लागल्या. सोनोने सरांनी राग धरला नाही, पण बाहीचं काम विभावरीकडून काढून दुसऱ्या गटाला दिलं. ती पुन्हा संत्र्यांच्या यंत्रहातांवर गेली.

बाही मात्र थांबली नाही. शस्त्रक्रियेला बंदी होती. जेवायला, लिहायला, दाढी करायला, दार उघडायला कोण बंदी घालणार? एका कंपनीनं ती बाजारात आणली, घालणाऱ्याच्या रोजच्या सवयी शिकत जाणारी. समितीनं विभावरीचं एकच म्हणणं अट म्हणून घातलं. मनगटावर एक बारीक दिवा. हात माणसाच्या इशाऱ्यावर हलला की हिरवा, बाहीच्या अंदाजावर हलला की पिवळा. अंदाज कमी-जास्त करायची कळही दिली. लोकांनी ती जास्तीच्या बाजूला शेवटपर्यंत पिळून ठेवली, कारण तिथं हात सर्वांत सफाईनं चालत असे. पिवळा दिवा मात्र कुणाला आवडेना. मंगलाष्टकं चालू असताना, लोक बघत असताना, मनगटावर पिवळा ठिपका कशाला? त्यावर चिकटपट्टी लावायची पद्धत पडली. पुढं बाजारात नक्षीच्या पट्ट्या मिळू लागल्या.

विभावरीला त्या सगळीकडे दिसत. बँकेच्या खिडकीवर, रसवंतीत, लग्नाच्या पंगतीत. एखादा म्हातारा नातवाच्या पाठीवरून हात फिरवताना दिसला, की तिची नजर आधी मनगटाकडे जाई आणि पट्टीवर अडे. मग दिवसभर तिला चैन पडत नसे. आपण एक दिवा लावून काय केलं, असं तिच्या मनात येई.

ताईंनीही एक बाही घेतल्याचं शार्दूलकडून कळलं. त्या दवाखान्यात बसतात, रुग्ण तपासतात, चिठ्ठ्या पूर्वीच्याच अक्षरात लिहितात. विभावरीचा फोन त्या उचलत नव्हत्या.

अक्षय तृतीयेला दोघी बहिणी दरवर्षी आईच्या नावानं पाण्याची घागर भरत. आदल्या वर्षी विभावरीनं ती एकटीनंच भरली होती. या वर्षी तिला राहवलं नाही. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ती अचलपूरला ताईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाहेरचं लाकडी दार उघडं होतं, आतलं जाळीचं दार कडी लावून बंद होतं. बेल वाजल्यावर ताई आल्या. जाळीपलीकडे थांबल्या. केस पांढरे झाले होते, चेहरा तसाच करारी.

"काय काम आहे?" त्यांनी विचारलं.

विभावरी घागरीचं बोलायला गेली. तेवढ्यात ताईंचा उजवा हात पुढं आला. त्यानं कडी काढली, दार ढकललं आणि विभावरीच्या गालावरचा घाम बोटांनी टिपला. लहानपणी शाळेतून आल्यावर ताई टिपायच्या तसाच, कानापासून हनुवटीपर्यंत. मग ताईंचा चेहरा निवळला. डोळे भरून आले.

विभावरी तो क्रम बघत होती. हात आधी, चेहरा नंतर. तिला हात धरून रडावंसं वाटत होतं आणि ते जमत नव्हतं. तिची नजर मनगटाकडे गेली. तिथं साधी, तपकिरी चिकटपट्टी होती.

ताईंनी तिची नजर ओळखली.

"तेच पाहून राहिलीस ना?"

"मला नाही बघायचं, ताई."

"मला बघायचंय."

त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखानं पट्टी खरवडली. बऱ्याच दिवसांची होती, निघायला वेळ लागला. खाली दिवा पिवळा होता. हात अजून विभावरीच्या गालावरच होता, अगदी हलका.

ताई दिव्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असेल की लाज वाटली असेल, विभावरीला कळेना. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तू बाहेर थांब."

त्यांनी तिला पायरीवर उभं केलं आणि या वेळी लाकडी दारच आतून लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. मग आतून बाहीचे बंद सुटल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

ऊन पाठीवर भाजत होतं. विभावरीला वाटलं, संपलं. जावं का थांबावं ते तिला समजेना. ती एक पायरी उतरली, पुन्हा चढली. तेवढ्यात दाराच्या आतल्या बाजूनं खरवडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

कडी हलत होती. जरा वर गेली, निसटली, आपटली. पुन्हा हलली. ताईंचा डावा हात ती कडी निमिषात काढू शकत होता, हे विभावरीला माहीत होतं. पलीकडे कुठला हात चाचपडतोय हे तिला सांगायला कुणी नको होतं. आत ताईंचा श्वास जोरात चालला होता. एकदा कण्हल्यासारखा आवाज आला. विभावरीचे हात आपोआप दाराकडे गेले. दाराला जरासा रेटा दिला की कडी मोकळी होईल, हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं. तिनं हात मागं घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले.

कडी वर गेली, घसरली. पुन्हा गेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोरच्या घरातली बाई खिडकीत येऊन बघून गेली.

मग लोखंडावर लोखंड घासलं, आणि दार उघडलं. ताईंचा चेहरा घामानं निथळत होता. उजवा हात उघडा, रोडावलेला, दाराच्या कडेला टेकलेला, आणि बोटं थरथरत होती.

"आता ये," ताई म्हणाल्या.